गिरणगाव आणि जगाची कामगार चळवळ

दिल्ली, गुरुग्राम, मानेसर या परिसरात राहणारी मराठी कुटुंबे १ मे हा दिवस महाराष्ट्र दिन म्हणून साजरा करतात. १९६० साली याच दिवशी मराठी भाषकांचे राज्य अस्तित्वात आले, त्यामुळे हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या तारखेचा आणखी एक अर्थ त्याच्या ७० वर्षे आधीपासून जगभर रूढ झाला होता. १ मे हा जागतिक कामगार दिन. हे दोन अर्थ एकाच तारखेवर येणे मराठी माणसाला परके वाटू नये, कारण कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांचा इतिहास जिथे हिंदुस्थानला स्पर्श करतो, तिथे तो बहुतेक वेळा मुंबईच्या गिरणगावातून, आणि बऱ्याचदा मराठी माणसांच्या हातून, करतो.

शालेय पाठ्यपुस्तकात या विषयाला दोन-चार ओळी मिळतात. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव, आयटकच्या स्थापनेचे साल, मीरत खटल्याचा एक उल्लेख. एवढे पाठ केले की परीक्षेचे काम भागते. हीरक महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्या ओळींच्या मागे काय होते, हे सविस्तर सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी आणि पालकांपैकी अनेकांचा दिवस मानेसरच्या औद्योगिक वसाहतीतील पाळ्यांच्या वेळापत्रकाने ठरतो. आठ तासांची पाळी, साप्ताहिक सुट्टी, अपघाताची भरपाई या गोष्टी आज कागदावर सहज लिहिल्या जातात. त्या कागदावर कशा आल्या, हे ठाऊक असणे त्यांना तरी अनावश्यक वाटणार नाही.

कापसाचे दोन टोकांचे जग

२८ सप्टेंबर १८६४ रोजी लंडनच्या सेंट मार्टिन्स हॉलमध्ये इंग्रज आणि फ्रेंच कामगारांच्या पुढाकाराने एक सभा भरली. जर्मन, इटालियन, पोलिश निर्वासितही तिला हजर होते. याच सभेत ‘इंटरनॅशनल वर्किंगमेन्स असोसिएशन’ स्थापन झाली. पुढे ती ‘पहिले इंटरनॅशनल’ या नावाने ओळखली गेली. तिचे उद्घाटनपर निवेदन आणि नियमावली कार्ल मार्क्स यांनी लिहिली. संस्थेमागे तत्त्वज्ञान होते, तशी एक अगदी व्यावहारिक निकडही होती. इंग्लंडमध्ये संप झाला की मालक युरोपातून स्वस्त मजूर आणून संप मोडीत. हे टाळायचे, तर त्या देशांतील कामगारांशी आधीच संबंध जोडून ठेवणे भाग होते.

हा काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा होता. दक्षिणेकडील राज्यांचा कापूस बंद झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि तेथील कामगारांवर उपासमार आली. तरीही त्यांच्यातील मोठ्या गटाने गुलामगिरीविरोधी उत्तरेचीच बाजू घेतली. त्याच युद्धाने मुंबईत मात्र पैशाचा पूर आणला. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला, शेअरबाजार उसळला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळला. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत काढलेल्या कापड गिरणीचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले होते. पुढील काही दशकांत तिच्यामागून अनेक गिरण्या उभ्या राहिल्या. लंडनमध्ये कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना जन्मत असताना मुंबईत तिचा भावी सभासद, म्हणजे कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार, घडू लागला होता. दोघांना जोडणारा धागा कापसाचा होता, पण एकमेकांचा त्यांना पत्ता नव्हता.

एकदा मात्र पत्ता लागण्याची वेळ आली होती. १५ ऑगस्ट १८७१ रोजी लंडनमधील जनरल कौन्सिलच्या बैठकीत कलकत्त्याहून आलेले एक पत्र वाचण्यात आले. हिंदुस्थानात इंटरनॅशनलची शाखा काढण्याची परवानगी त्यात मागितली होती. कौन्सिलने होकार दिला, आणि सोबत दोन सूचना पाठवल्या. शाखेने आपला खर्च आपणच भागवावा, ही पहिली. दुसरी सूचना अशी की, तेथील एतद्देशीयांना सभासद करून घेणे आवश्यक आहे. त्या शाखेचे पुढे काही झाले नाही. १८७२ च्या हेग परिषदेत मार्क्स आणि बाकुनिन यांच्या अनुयायांत फूट पडली, कौन्सिलचे ठाणे न्यूयॉर्कला हलवले गेले आणि १८७६ मध्ये संस्था विसर्जित झाली. पण त्या दुसऱ्या सूचनेत एक प्रश्न दडलेला होता. जगातील कामगारांनी एक व्हावे असे म्हणताना ‘जग’ या शब्दात कोणाकोणाला धरायचे? पुढील सगळ्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

लोखंडे आणि १८९० चा एप्रिल

मुंबईत या प्रश्नाला पहिले उत्तर मिळाले ते कोणत्याही इंटरनॅशनलकडून नव्हे, तर महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाकडून. ठाण्यात १८४८ मध्ये जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक कार्यकर्ते. १८८० मध्ये त्यांनी ‘दीनबंधु’ पत्राची सूत्रे हाती घेतली आणि गिरण्यांतील परिस्थितीवर लिहायला सुरुवात केली. १८८१ चा कारखाने कायदा त्या वेळी नुकताच झाला होता. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांबद्दल त्या कायद्यात एक शब्दही नव्हता. पहाट होताच भोंगा वाजे आणि दिवस मावळेपर्यंत साचे चालत. आठवड्याची सुट्टी म्हणून काही नव्हते. यंत्रे साफ करायला कधी गिरणी बंद ठेवली जाई, तेव्हाही कामगारालाच बोलावले जाई.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाने आयोगापुढे ठेवले. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय असावी, अशा त्या मागण्या होत्या. ‘सूर्यास्ताला थांबावे’ ही मागणी आज वाचली की त्या काळच्या कामगाराचे स्वप्न किती मोजके होते ते कळते.

या प्रयत्नांचा कळस २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे झाला. त्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनी व्यासपीठावरून भाषणे केली. १८९० च्या मुंबईत ही गोष्ट लहान नव्हती. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवारची सुट्टी हिंदुस्थानच्या कामगाराला मिळाली ती येथून. १८९१ च्या सुधारित कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद झाली आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली.

आता युरोपकडे पाहू. फ्रेंच राज्यक्रांतीच्या शतसांवत्सरिक दिनी, १४ जुलै १८८९ रोजी, पॅरिसमध्ये समाजवादी पक्षांची परिषद सुरू झाली. हेच दुसरे इंटरनॅशनल. आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८९० रोजी सर्व देशांत एकाच वेळी निदर्शने करावीत, असा ठराव तिने केला. शिकागोच्या कामगारांनी १८८६ च्या मे महिन्यात याच मागणीसाठी दिलेला लढा आणि त्यानंतर त्यांच्या नेत्यांना झालेली फाशी सर्वांच्या स्मरणात होती. म्हणजे महालक्ष्मीची सभा आणि जगातला पहिला मे दिन यांच्यात अवघे सात दिवसांचे अंतर होते. लोखंडे यांनी पॅरिसचा ठराव पाहून सभा बोलावली, असे मानायला आधार नाही, आणि पॅरिसमधील प्रतिनिधींच्या यादीत मुंबई नव्हती. दोन्हीकडे कारण एकच होते. यंत्राचा वेग आणि माणसाचा दम यांच्यातले गणित जुळत नव्हते. तिकडचे कामगार आठ तास मागत होते आणि इकडचे सूर्यास्त मागत होते, एवढाच फरक होता.

कारखाने कायद्याच्या या प्रकरणात आणखी एक गुंतागुंत होती आणि ती सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. हिंदी गिरण्यांचे तास कमी व्हावेत म्हणून इंग्लंडमध्ये सर्वांत मोठा आग्रह धरला तो लँकेशायरच्या गिरणी मालकांनी. त्यांना मुंबईच्या मालाची स्पर्धा बोचत होती. त्यामुळे अनेक राष्ट्रीय विचारांच्या वृत्तपत्रांनी या कायद्याला मँचेस्टरचे कारस्थान म्हणून विरोध केला. मालक स्वदेशी आहे म्हणून कामगाराने गप्प बसावे काय, हा प्रश्न लोखंडे यांच्यापुढे होता. त्यांनी कामगाराची बाजू घेतली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत त्यांचे निधन झाले.

अॅमस्टरडॅम, स्टुटगार्ट आणि पुण्यातला ध्वज

दुसऱ्या इंटरनॅशनलच्या व्यासपीठावर हिंदुस्थान प्रथम ठळकपणे दिसला तो १९०४ च्या ऑगस्टमध्ये, अॅमस्टरडॅमच्या परिषदेत. तेथे दादाभाई नौरोजी बोलले. एल्फिन्स्टन कॉलेजात एकेकाळी गणित शिकवणारे दादाभाई तेव्हा ऐंशीच्या घरात आले होते. त्यांचा सन्मान म्हणून प्रतिनिधी उभे राहिले. हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा आणि संपत्तीच्या निःसारणाचा हिशेब त्यांनी युरोपच्या कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला.

तीन वर्षांनी, १८ ते २४ ऑगस्ट १९०७ या काळात, जर्मनीतील स्टुटगार्ट येथे पुढची मोठी परिषद झाली. जवळजवळ नऊशे प्रतिनिधी जमले होते. बेबेल, झोरेस, रोझा लक्झेंबर्ग, लेनिन असे पुढे इतिहासात गाजलेले लोक त्यांत होते. वसाहतींच्या प्रश्नावर तेथे खडाजंगी झाली. समाजवादी राजवटीतही वसाहती राखाव्यात आणि त्यांचे ‘सुसंस्कृतीकरण’ करावे, अशा आशयाचा मसुदा समितीकडून आला होता. मतदानात तो १२७ विरुद्ध १०८ मतांनी फेटाळला गेला. जगातल्या कामगारांच्या बंधुतेची भाषा बोलणाऱ्या सभागृहातही वसाहतवादाला नाकारणारे बहुमत इतके काठावरचे होते.

याच परिषदेत २२ ऑगस्ट रोजी मुंबईच्या पारशी कुटुंबातील भिकाजी कामा उभ्या राहिल्या. सरदारसिंह राणा त्यांच्यासोबत होते. ब्रिटिश सत्ता टिकून राहणे हे हिंदी जनतेच्या हिताला घातक आहे, या आशयाचा ठराव त्यांनी मांडला. ब्रिटिश प्रतिनिधींनी, विशेषतः रॅम्से मॅकडोनल्ड यांनी, त्याला हरकत घेतली आणि नियमावर बोट ठेवून तो मतास टाकला गेला नाही. तेव्हा मादाम कामा यांनी हिंदुस्थानचा ध्वज फडकवला. त्याच्या मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’ अशी अक्षरे होती. तो ध्वज पुढे इंदुलाल याज्ञिक यांनी हिंदुस्थानात आणला आणि आज तो पुण्याच्या केसरीवाड्यात जतन केलेला आहे. पुण्याला सुट्टीत जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य पाहावा. कामगारांच्या जागतिक परिषदेत नाकारल्या गेलेल्या ठरावाची ती साक्ष आहे.

पुढच्याच वर्षी मुंबईने स्वतःचे उत्तर दिले. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. त्यानंतर गिरणगाव सहा दिवस बंद राहिले. शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस, असा तो हिशेब होता. लष्कर रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात माणसे मेली. लेनिन यांनी त्याच सुमारास लिहिलेल्या एका लेखात या संपाची दखल घेतली आणि हिंदुस्थानचा कामगार आता जाणीवपूर्वक राजकीय लढा देण्याइतका परिपक्व झाला आहे, असा निष्कर्ष काढला. ज्या सातारकर आणि रत्नागिरीकर गिरणी कामगारांनी तो संप केला, त्यांना या लेखाची गंधवार्ताही नव्हती. पण अॅमस्टरडॅम-स्टुटगार्टमध्ये ज्यांची बाजू इतरांना मांडावी लागली होती, ते आता जगाच्या नजरेत आपल्या कृतीने आले होते.

वॉशिंग्टनचे एक नाव आणि मुंबईची एक परिषद

पहिल्या महायुद्धाने दुसरे इंटरनॅशनल मोडले, कारण बहुतेक देशांतील समाजवादी पक्ष आपापल्या सरकारांच्या मागे उभे राहिले. युद्ध संपल्यावर दोन नवे प्रवाह सुरू झाले. मार्च १९१९ मध्ये मॉस्कोत तिसरे, म्हणजे कम्युनिस्ट, इंटरनॅशनल स्थापन झाले. आणि व्हर्सायच्या तहान्वये सरकार, मालक व कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी असलेली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, आयएलओ, निर्माण झाली. हिंदुस्थान परतंत्र असूनही तिचा मूळ सभासद होता.

आयएलओची पहिली परिषद २९ ऑक्टोबर १९१९ रोजी वॉशिंग्टन येथे सुरू झाली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले ना. म. जोशी. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे हे सुपुत्र नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य होते आणि १९११ पासून मुंबईत सोशल सर्व्हिस लीगमार्फत वस्त्यांतून रात्रशाळा व वाचनालये चालवीत होते. नियमाप्रमाणे प्रतिनिधी देशातील कामगार संघटनांच्या संमतीने निवडायचा होता. पण विचारायला मध्यवर्ती संघटनाच नव्हती, म्हणून सरकारने नेमणूक केली.

त्या परिषदेने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांचा करार संमत केला. हिंदुस्थानसाठी मात्र त्यात वेगळे कलम घालण्यात आले आणि मर्यादा ६० तासांची ठरली. जपानलाही सवलत मिळाली. चीन, इराण, सयाम यांना तर करारातून वगळलेच. पुन्हा तोच प्रश्न समोर आला. जगाचा कायदा झाला, पण आपल्यासाठी तो बारा तासांनी लांब होता. तरीही हे साठ तास क्षुल्लक नव्हते. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांना पहिल्यांदा मर्यादा घालून दिली होती ती दिवसाला बारा तासांची, म्हणजे आठवड्याला ७२. वॉशिंग्टनच्या कराराला हिंदुस्थानने १४ जुलै १९२१ रोजी मान्यता दिली आणि १९२२ च्या कायद्याने साठ तास प्रत्यक्षात आले. १९३४ मध्ये ते ५४ झाले. ४८ तासांचा कायदा झाला तो १९४६ मध्ये, वॉशिंग्टननंतर २७ वर्षांनी. तो ज्यांच्या कारकिर्दीत आकाराला आला ते व्हाइसरॉयच्या मंडळातील श्रम खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

आयएलओला प्रतिनिधी पाठवायचा तर देशव्यापी संघटना हवी, ही जाणीव १९१९ च्या अनुभवाने पक्की झाली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरमध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे, म्हणजे आयटकचे, पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष लाला लजपतराय होते आणि स्वागताध्यक्ष होते टिळकांचे सहकारी, माझगावचे जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा. पुढे १९२५ ते १९२९ या काळात जोशी तिचे सरचिटणीस होते. गंमत अशी की, जागतिक व्यासपीठावर एक खुर्ची भरण्याच्या गरजेतून जन्मलेली ही संघटना लवकरच जागतिक संबंधांवरूनच फुटली. १९२९ च्या अखेरीस नागपूर अधिवेशनात, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, कोणत्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी जोडून घ्यायचे आणि व्हिटले आयोगावर बहिष्कार टाकायचा की नाही, या वादांतून जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडले.

साचेखात्याचे दार

१९२८ हे वर्ष गिरणगावात आजही सांगितले जाते. एका साचेवाल्याने अधिक साचे चालवावेत, कमी माणसांत अधिक माल काढावा, अशा योजना मालकांनी आणल्या होत्या. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. जोशी यांच्यासारखे मवाळ आणि श्रीपाद अमृत डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर यांच्यासारखे कम्युनिस्ट एका संयुक्त समितीत बसले आणि सतरा मागण्यांचा खलिता तयार झाला. गिरणी कामगार युनियनची नोंदणी याच मे महिन्यात झाली. तिचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते. परदेशांतून, रशियातील कापड कामगारांकडूनही, संपनिधीला मदत आली. लंडन १८६४ चे स्वप्न गिरणगावात धान्यवाटपाच्या रांगेपर्यंत पोहोचले, असे म्हणता येईल.

परंतु त्याच गिरण्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना साचेखात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, आणि सवर्ण साचेवाल्यांना त्यात विटाळ वाटे. साचेखात्यातली मजुरी अधिक होती, त्यामुळे हा विटाळ थेट पगारावर बसत होता. हा अन्याय दूर करण्याची मागणी खलित्यात घेतली पाहिजे, असा आग्रह डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांकडे धरला. जगातल्या कामगारांना हाक देणाऱ्यांनी शेजारच्या खात्याचे दार आधी उघडावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. कलकत्त्याच्या पत्राला लंडनने दिलेले उत्तर ज्यांना माहीत असेल, त्यांना या आग्रहाचे ऐतिहासिक वजन कळेल. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. तोवर दोन्ही बाजू एकमेकांकडून काही शिकल्या होत्या.

मीरतची साडेतीन वर्षे

२० मार्च १९२९ रोजी पहाटे देशभर धरपकड झाली. सम्राटाचे हिंदुस्थानवरील सार्वभौमत्व नष्ट करण्याचा कट, आणि तोही मॉस्कोच्या इंटरनॅशनलच्या सांगण्यावरून, असा आरोप होता. मुंबईत पकडलेल्यांना खटल्यासाठी नेले दिल्लीपासून सुमारे ७० किलोमीटरवरील मीरतला. तेथे ज्यूरीशिवाय खटला चालवता येत होता. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, आळवे, कासले, ठेंगडी आणि बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवून नुकतेच परतलेले गंगाधर अधिकारी असे अनेक मराठी आरोपी होते. त्यांच्या शेजारी बंगाल, पंजाब, संयुक्त प्रांतातले कार्यकर्ते आणि स्प्रॅट, ब्रॅडली, हचिन्सन हे तीन इंग्रजही. एकाच पिंजऱ्यात उभे राहिलेले हे लोक पाहून कामगारांची आंतरराष्ट्रीय एकता सरकारनेच मूर्त करून दाखवली, असे कोणाला वाटले तर नवल नाही.

खटला जानेवारी १९३३ पर्यंत चालला. आरोपींनी न्यायालयालाच व्यासपीठ केले. गिरणगावातील जगणे, मजुरीचे दर, संपाची कारणे हे सगळे त्यांच्या जबान्यांत सविस्तर नोंदले गेले आहे, त्यामुळे इतिहासकारांना तो खटला म्हणजे एक खजिनाच आहे. युरोपात आइन्स्टाइन, रोमाँ रोलाँ अशा व्यक्तींनी आवाज उठवला. मँचेस्टरच्या कामगार कलापथकाने ‘मीरत’ नावाचे छोटे पथनाट्य कामगारांपुढे केले. ज्या लँकेशायरच्या मालकांनी कधी मुंबईची स्पर्धा रोखण्यासाठी कायदा मागितला होता, त्याच भागातले कामगार आता मुंबईच्या कैद्यांसाठी नाटक करीत होते. सेशन्स न्यायालयाच्या जबर शिक्षा अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट १९३३ मध्ये पुष्कळ कमी केल्या.

मानेसरहून पाहताना

या इतिहासाचे गिरणगाव आता उरलेले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि त्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. उद्योग मात्र थांबले नाहीत; ते पुणे-चाकणला, तसेच दिल्ली-जयपूर महामार्गावरील मानेसरलाही वाढले. मराठी तंत्रज्ञ, अभियंते, आयटीआय झालेली मुले त्यांच्यामागे इकडे आली. गिरणगावात फाटकावर सकाळी उभा राहणारा बदली कामगार होता. येथे कंत्राटी कामगार आहे.

प्रश्नही जुनेच आहेत. २००९ मध्ये गुडगावातील रिको या सुट्या भागांच्या कारखान्यात संप झाला, तेव्हा भाग न पोहोचल्याने कॅनडातील ओंटारिओ प्रांतातला फोर्डचा कारखाना काही काळ थांबला. १८६४ च्या इंग्रज कामगाराला परदेशातून येणाऱ्या संपफोड्याची चिंता होती. आज सुट्या भागांची एक पेटी अडली तरी दुसऱ्या खंडातील पाळी बंद पडते. २०११ मध्ये मारुती सुझुकीच्या मानेसर कारखान्यात आपली वेगळी युनियन असावी, म्हणून कामगारांनी काम थांबवले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कंत्राटी कामगारांना परत घ्यावे, यासाठी कायम कामगारांनी पुन्हा काम थांबवले. ही गोष्ट साचेखात्याच्या दाराची आठवण करून देते. १८ जुलै २०१२ रोजी त्याच कारखान्यातील हिंसाचारात एका व्यवस्थापकाचा मृत्यू झाला, आणि पुढे अनेक कामगारांना शिक्षा झाल्या. या घटनेचा शोक दोन्ही बाजूंच्या घरांत आहे. आपल्या शाळेच्या परिवारात व्यवस्थापनात काम करणारे पालक आहेत आणि यंत्रावर उभे राहणारेही आहेत. लोखंडे यांच्या निवेदनापासून वॉशिंग्टनच्या करारापर्यंतचा इतिहास या दोघांनाही एक गोष्ट दाखवतो. संवादाची अधिकृत जागा जेव्हा निर्माण झाली, तेव्हा प्रगती मंद पण टिकाऊ झाली. ती जागा नाकारली गेली, तेव्हा दोन्हीकडे नुकसान झाले.

लेख संपवताना एक विनंती. गिरणी कामगारांच्या चळवळीची अधिकृत कागदपत्रे आयोगांच्या अहवालांत आणि खटल्यांच्या दप्तरांत सुरक्षित आहेत. घरांतली कागदपत्रे मात्र नाहीशी होत आहेत. आपल्यापैकी कोणाचे आजोबा-पणजोबा गिरणीत, रेल्वेच्या कारखान्यात किंवा गोदीत असतील, तर त्यांच्या युनियनची वर्गणीची पावती, पगाराचे पाकीट, संपकाळातले पत्रक, रात्रशाळेचा दाखला, जे हाती असेल त्याची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयाकडे द्यावी. मानेसरमध्ये आज कामावर असलेल्या माजी विद्यार्थ्यांनीही आपली पहिली पाळी, पहिला पगार, पहिली सभा यांबद्दल दोन पाने लिहून ठेवावीत. साठ वर्षांच्या या शाळेने आणखी पंधरा वर्षांनी अमृत महोत्सव साजरा केला, की त्या वेळच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला या लेखापेक्षा ती पाने अधिक उपयोगी पडतील.